पॅकिंग टेप, आठ महिने वापरल्यानंतर (आणि पुठ्ठ्याच्या नळीचा घोळ)

मागच्या आठवड्यात नागपूरच्या एका ताईंनी फोटो पाठवला. खोका खालून उघडलेला, कैरीच्या लोणच्याची एक बरणी गायब, दुसरी फुटून तिचं तेल मालवणी मसाल्याच्या सगळ्या पाकिटांवर. कुरिअरवाल्याला फोन केला तर म्हणे मॅडम तुमचं पॅकिंगच बरोबर नव्हतं. डोकं असं फिरलं ना. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय, नायतर टेपवर कोण लिहीत बसतं.

मी लालबागला राहते, मार्चपासून घरचे मसाले-लोणची बाहेरगावी पाठवते, महिन्याला साठ-सत्तर खोके. बीओपीपी म्हणजे टेपचं प्लास्टिक, मायक्रॉन म्हणजे जाडी (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), २ इंची-३ इंची म्हणजे रुंदी. अजून एक सांगते, दुकानदार ४० मायक्रॉन म्हणतो तेव्हा त्यात प्लास्टिक अधिक गम दोन्ही धरून ४० असतं, नुसतं प्लास्टिक नाही.

सुरुवात मशीद बंदरहून आणलेल्या ब्राउन टेपने केली. ४० मायक्रॉन, २ इंची, ६५ मीटर, सहा रोल २१० रुपयांना, म्हणजे ३५ ला एक. मी खुश. माझा खोका १४ इंची, मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांना ३-३ इंच खाली उतरवायची, म्हणजे २० इंच. वर-खाली मिळून ४०, मीटरभर धरा. एका रोलमध्ये साठ खोके तरी व्हायला हवेत ना? माझे होत होते बेचाळीस-त्रेचाळीस. सासूबाई म्हणाल्या तू जास्त लावतेस. मी जास्त लावते!

मग मिस्टरांचा व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, काढला (ते फिटर आहेत, घरात व्हर्नियर असतो, चमचे सापडत नाहीत). जुना एक चांगला रोल पडला होता तो आणि हा, दोन्ही बाहेरून १०० मिलिमीटर, आतलं भोकही सेम, ३ इंच. फरक पुठ्ठ्याच्या नळीत. चांगल्या रोलची नळी ३ मिलिमीटर जाड, ह्याची ६. वाटतं ३ मिलिमीटरने काय होतंय, पण टेपचा सगळा थर मुळात ९ मिलिमीटरचाच असतो हो, त्यातले ३ पुठ्ठ्याने खाल्ले की ६५ चे ४४ मीटर उरतात. खात्रीसाठी एक रोल चाळीच्या गॅलरीत गम वर करून उलगडला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बावीस मीटर, दोन फेऱ्यांत रोल खलास. शेजारच्या काकूंचं मांजर चिकटलं ते वेगळंच.

आता हिशोब बघा. ३५ रुपयांत ४४ मीटर म्हणजे मीटरला ८० पैसे. नंतर घेतलेला ५५ रुपयांचा, ५० मायक्रॉनचा ट्रान्सपरंट, नळी पातळ, खरे ६५ मीटर, म्हणजे ८५ पैसे. पाच पैशांसाठी मी तीन महिने पातळ भंगार टेप वापरत होते. तेव्हापासून दुकानात पर्समधून मोजपट्टी काढते आणि आधी नळी मोजते. दुकानदार हसतो, हसू दे.

जूनमध्ये मात्र हा ५० मायक्रॉनवालाही सकाळपर्यंत टोकाला सुटायला लागला. मी लगेच ठरवलं की हाही फसवा, दुकानदाराला दोन शब्द ऐकवून पण आले. इथे मी चुकले. खोके मी धारावीचे वापरलेले घेत होते, ८ रुपयाला एक, पुन्हा पुन्हा गाळलेल्या कागदाचे, त्यावर हात फिरवला तरी भुसा येतो, त्यात पावसाळ्याची ओल, त्यात माझ्या हाताला मसाला आणि तेल. गम चिकटत होता, पण धुळीला. एकदा कोरड्या फडक्याने पुसून लावला आणि तळहाताने जोर देऊन दाबला, दुसऱ्या दिवशी ओढला तर पुठ्ठ्याचे तंतू घेऊन निघाला. टेप असाच निघायला पाहिजे. स्वच्छ निघाला आणि गमवर पावडर दिसली तर टेप बदलून काही उपयोग नाही, खोका बदला. मी आता नवा ५ प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, घेते, जीव जातो पैसे देताना पण घेते. आणि एकावर एक चार थर लावणाऱ्यांनो, वरचे तीन टेपलाच चिकटतात, पुठ्ठ्याला धरणारा खालचा एकच असतो. त्यापेक्षा बाजूच्या दोन फटींवर पट्ट्या मारा, इंग्रजी एच सारखं दिसतं ते. माझ्या खोक्याला मीटरभराऐवजी अडीच मीटर जातो, हो, बघताना त्रास होतो.

गमबद्दल थोडक्यात. हॉटमेल्ट म्हणजे रबरवाला, लगेच पकडतो, पण उन्हात तापलेल्या टेम्पोत मऊ पडतो. अक्रिलिक सावकाश पकडतो, एक दिवस दिला तर घट्ट बसतो, उन्हाला टिकतो. मी अक्रिलिकवर आहे, खोके आदल्या रात्री बंद करते. फक्त रात्री अकराला तो चर्रर्र आवाज, काकू भिंत ठोकतात. कमी आवाजाचा मिळतो म्हणे, महाग असणारच. पाणी लावून चिकटवायचा कागदी टेप पण आणला होता, कागदाला असा धरतो की खोका फाडावा लागतो, पण जुलैत आमच्या माळ्यावर ठेवला आणि रोल स्वतःलाच चिकटून वीट झाला. पावसाळा सोडून वापरेन.

तर नागपूर. तो फोटो मी मोठा करून नीट बघितला. टेप तुटलेला नाही, गम सुटलेला नाही, टेपच्या खाली पुठ्ठ्याचा वरचा खाकी पापुद्रा पूर्ण लांबीभर तसाच चिकटलेला. म्हणजे टेपने धरलं होतं, खालचा पुठ्ठाच लगदा झाला होता, कडेला पाण्याची रेघ पण दिसतेय. परतीच्या पावसात कुठेतरी ओल्या फरशीवर ठेवला असणार. नवा ५ प्लाय खोका होता तो, धारावीचा नाही. फोटोवर लाल गोल काढून कुरिअरच्या कस्टमर केअरला पाठवला, सोबत चार ओळी पापुद्र्यावर. उत्तर आलं, आपली तक्रार प्रक्रियेत आहे, आणि खाली सल्ला: यापुढे चांगल्या प्रतीचा टेप वापरावा.