जाणीव की भान?

भाचीला शाळेच्या निरोप समारंभात बोलायचं आहे. तिने विचारलं, "मामा, 'तुमच्या कष्टांची जाणीव आहे' लिहू की 'कष्टांचं भान आहे'?"

सोबतची क्रियापदं बघितली की फरक दिसतो. जाणीव होते, दुसऱ्याला करूनही देता येते. भान राहतं, ठेवावं लागतं, सुटतं, हरपतं. जाणीव एकदा झाली की बरीच टिकते. भान क्षणोक्षणी सांभाळावं लागतं. गप्पांच्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं, तर 'भान राहिलं नाही' म्हणतो. तिथे 'जाणीव' कुणाच्या तोंडी येत नाही.

विरुद्ध शब्दही वेगळे. जाणिवेविरुद्ध नेणीव, मनाचा न कळणारा थर. भान गेलं की माणूस बेभान, भजनात आणि संतापातही. फार सुंदर शब्द आहे हा.

शिवाय जाणिवेत कृतज्ञता आहे. 'त्याला जाणीव आहे' एवढं म्हटलं तरी तो उपकार विसरलेला नाही, हे कळतं. भानाला हा अर्थ नाही.

म्हणून भाषणात जाणीवच. वेळेबद्दल, जागेबद्दल, आपण कुणापुढे काय बोलतोय याबद्दल लिहायचं तर भान. 'सामाजिक जाणीव' आणि 'समाजभान' दोन्ही रूढ आहेत. नुसतं उमगलं असेल तिथे मी पहिला वापरतो, वागण्यात उतरलं असेल तिथे दुसरा.