महामारीत वकिलीचे कार्यालय: सर्वांनी हजर राहावे, सर्वांनी घरून काम करावे, की गट पाडावेत?

महामारी पसरली की वकिलाच्या कार्यालयापुढे तीन वाटा असतात: आवश्यक काळजी घेऊन सर्वांनी नेहमीप्रमाणे यायचे, कार्यालय बंद करून सर्वांनी घरून काम करायचे, किंवा एकमेकांना न भेटणारे दोन गट करून आलटून-पालटून यायचे. यांतली वाट निवडताना संसर्गाची भीती आणि भाड्याचा हिशेब पुढे येतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु वकिलाच्या हातून होणारी, भरून न निघणारी हानी प्रामुख्याने दोन ठिकाणी होते. एक म्हणजे चुकलेली मुदत आणि दुसरी म्हणजे फुटलेले गुपित. म्हणून तिन्ही पद्धती प्रथम याच दोन कसोट्यांवर पाहाव्यात.

मुदतीच्या बाबतीत सर्वांनी हजर राहण्याची पद्धत वरवर सुरक्षित वाटते, कारण फाईल, टपाल, मूळ दस्त आणि माणसे एकाच छताखाली असतात. मात्र एका व्यक्तीला लागण झाली तर तिच्या संपर्कात आलेले सर्वच जण एकाच वेळी विलगीकरणात जातात, आणि त्या आठवड्यात संपणाऱ्या मुदती सांभाळायला कोणीही उरत नाही. पूर्ण दूरस्थ पद्धतीत हा धोका टळतो, पण त्याची जागा दुसरा घेतो: बंद दाराखालून आत सरकवलेली नोटीस न उघडता पडून राहते, आणि उत्तराची मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. दोन गटांच्या पद्धतीत टपाल रोज उघडले जाते आणि एक गट आजारी पडला तरी दुसरा उभा असतो. तिचा कच्चा दुवा म्हणजे अदलाबदलीचा दिवस. लेखी हस्तांतरण टिपणाशिवाय आणि प्रत्येक मुदत दोन्ही गटांच्या नोंदवहीत असल्याशिवाय ही पद्धत सुरूच करू नये.

न्यायालये मुदत वाढवून देतील, या भरवशावर कोणतीही पद्धत निवडणे धोक्याचे आहे. कोविडच्या काळात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 च्या आदेशाने 15 मार्चपासूनच्या मुदती वाढवल्या, आणि पुढे 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. पण ही उदार सवलतही सुरुवातीला पूर्ण नव्हती: सप्टेंबर 2020 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की वाढ मूळ मुदतीला मिळते, उशीर माफ करण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या कमाल कालावधीला मिळत नाही. हा कालावधीही वगळण्याचा आदेश मार्च 2021 मध्येच आला. इंग्लंडमध्ये तर दावा दाखल करण्याच्या मुदतींना अशी सरसकट वाढ मिळाली नाही. चालू दाव्यांतील टप्प्यांसाठी पक्षकारांनी आपसांत ठरवायची वाढ तेवढी 28 दिवसांवरून तात्पुरती 56 दिवसांवर नेण्यात आली. तेव्हा नोंदवहीत मूळ तारीखच ठेवावी आणि सवलतीची तारीख तिच्या शेजारी, वेगळ्या रकान्यात लिहावी.

गुपिताच्या कसोटीवर दूरस्थ पद्धत सर्वांत दुबळी ठरते, आणि दोष यंत्रणेइतकाच घराच्या भिंतींचाही असतो. एका खोलीत दोन माणसे दोन वेगळ्या कार्यालयांची कामे करत असतील, तर अशिलाचे बोलणे तिसऱ्याच्या कानावर जातेच. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने मार्च 2021 मध्ये दूरस्थ वकिलीविषयी दिलेल्या औपचारिक अभिप्रायात, अशिलाच्या कामाविषयी बोलताना घरातील स्मार्ट स्पीकरची ऐकण्याची सोय बंद ठेवावी, असे सुचवले आहे. हा सल्ला अतिकाळजीचा नाही. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाचा संगणक, दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीची आणखी एक खूण) आणि संभाषणासाठी बंद दार मिळत नसेल, तर गोपनीय स्वरूपाचे काम त्या व्यक्तीकडे देऊ नये.

याच्याच जोडीला एक प्रश्न येतो, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होते: पडद्यावर दिसणारा अशील स्वतःच्या इच्छेने बोलतो आहे का? इंग्लंड आणि वेल्समध्ये 31 जानेवारी 2020 पासूनच्या मृत्युपत्रांसाठी दूरदृश्य साक्षांकनाला, म्हणजे साक्षीदारांनी व्हिडिओवरून सही पाहण्याला, तात्पुरती मान्यता देण्यात आली. कायदा परवानगी देतो तिथेही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हे वकिलाला दिसत नाही. वृद्ध किंवा परावलंबी अशिलाच्या मृत्युपत्रासाठी आणि मालमत्तेच्या दस्तासाठी मी उघड्या जागेत, अंतर राखून घेतलेली प्रत्यक्ष भेटच योग्य मानतो. पूर्ण दूरस्थ कार्यालयानेही एवढा अपवाद ठेवावा.

कनिष्ठांवरील देखरेख हजेरीच्या पद्धतीत आपोआप होते. इतर दोन पद्धतींत रोज ठरलेल्या वेळी बोलावे लागते, नाहीतर लहान शंका विचारल्याच जात नाहीत. रक्कम घेणाऱ्याचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा असू शकतो; म्हणून कोणत्याही पद्धतीत आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय रक्कम पाठवू नये.

खर्चाच्या बाबतीत दूरस्थ पद्धत बहुधा स्वस्त पडते. मात्र उत्पन्न घटल्यावर व्यावसायिक दायित्व विम्याचा (वकिलाच्या चुकीमुळे द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या विम्याचा) हप्ता टाळण्याचा मोह आवरावा. चूक घडली तेव्हाचा नव्हे, तर भरपाईचा दावा केला जातो तेव्हाचा विमा बहुधा लागू होतो. म्हणून आज विमा बंद केला, तर पूर्वीच्या वर्षांतील चुकांनाही संरक्षण उरत नाही. कामाची पद्धत बदलत असेल, तर विमा कंपनीला लेखी कळवून तिचा लेखी होकार घ्यावा.

दोनहून अधिक वकील असलेल्या कार्यालयाने गटांची पद्धत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातील गैरसोय लेखी शिस्तीने दूर होते. इतर दोन पद्धतींतील मुख्य धोके मात्र शिस्तीने पुरते जात नाहीत. कामाचा मोठा भाग केवळ सल्ला आणि मसुद्यांचा असेल, न्यायालयात दाखल करायचे फारसे नसेल आणि टपाल उघडायला विश्वासू व्यक्ती असेल, तर पूर्ण दूरस्थ पद्धत चालेल. सर्वांनी एकत्र हजर राहण्याची पद्धत मी साथ ओसरेपर्यंत कोणालाही सुचवणार नाही.

एकट्याने वकिली करणाऱ्याला गट पाडता येत नाहीत. त्याने घरून काम करावे, परंतु त्याआधी एका समव्यवसायी वकिलाशी लेखी करार करावा: स्वतः आजारी पडल्यास कोणत्या फाईली त्याने हाती घ्यायच्या, नोंदवही आणि पासवर्ड त्याला कसे मिळतील, हितसंबंधांचा संघर्ष आढळल्यास (उदाहरणार्थ, तो विरुद्ध पक्षाचाच वकील असल्यास) ती फाईल कोणाकडे जाईल. या व्यवस्थेला प्रत्येक अशिलाची संमती वकीलपत्रावर सही घेतानाच घ्यावी, कारण ताप चढल्यावर ती मागायला वेळ मिळत नाही.