निसरड्या रस्त्यासाठी ऑल-व्हील ड्राइव्ह: क्लचची की दोन मोटरची?

निसरड्या रस्त्यांसाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी घ्यायचे ठरले, की बहुतेकांसमोर आज दोन पर्याय उरतात. पहिल्यात इंजिन एरवी पुढची चाके फिरवते आणि गरज पडली की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला क्लच मागची चाके जोडून घेतो; दुसऱ्यात पुढे एक आणि मागे एक अशा दोन विजेच्या मोटर असतात आणि त्यांना जोडणारा शाफ्टच नसतो. ओल्या आणि बर्फाळ अशा दोन्ही रस्त्यांवर मी हे दोन्ही प्रकार चालवले आहेत, आणि शेवटी दोन मोटरची गाडी घेतली.

क्लचच्या व्यवस्थेला कमी लेखण्याचे कारण नाही. 1998 च्या सुमारास ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये आलेला हाल्डेक्स हा अशाच प्रकारचा क्लच पुढची चाके घसरू लागल्यावर जागा होत असे. पुढच्या पिढ्यांमध्ये अॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे पाहून दाब आधीच तयार ठेवण्याची सोय झाली. सरळ रस्त्यावर वेग धरताना मला या व्यवस्थेत उणीव जाणवली नाही, आणि लांबच्या प्रवासात इंधन भरण्याची सोय पाहता ती उजवीच म्हणावी लागेल.

माझा निर्णय झाला तो एका त्रासामुळे. ओल्या चढावर थांबलेली गाडी, स्टीअरिंग पूर्ण वळवलेले आणि वाहत्या रहदारीत शिरायचे आहे, अशा वेळी पुढचे आतले चाक जागेवर फिरते, ट्रॅक्शन कंट्रोल लगेच इंजिनचा जोर कमी करते, आणि मागची चाके भार उचलेपर्यंत गाडी नेमकी रस्त्याच्या मधोमध रेंगाळते. पाय अॅक्सिलरेटरवर दाबलेला असतो, समोरून वाहन येत असते आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. प्रत्येक यंत्रणा आपापले काम चोख करत असते, हे मला मान्य आहे. तरीही तो क्षण मला सुरक्षित वाटला नाही, आणि नव्या पिढीच्या क्लचमध्येही तो कमी झाला असला तरी पूर्णपणे गेलेला नाही.

विजेच्या मोटरचा जोर काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो, कारण तिथे हवा, इंधन आणि गिअर यांची साखळी मध्ये नसते. तशाच चढावर डॅशबोर्डवरचा घसरणीचा दिवा लुकलुकतो, पण गाडी अडखळत नाही. हे मी मोजलेले नाही, मला जाणवलेले सांगतो आहे. बॅटरीचे वजन उताराच्या वळणावर जाणवते आणि थंडीत एका चार्जमधले अंतर घटते, हेही खरे आहे. शिवाय अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते, आणि पाय एकदम उचलल्यास या ब्रेकिंगने चाके घसरू शकतात; दोन मोटरमुळे ते ब्रेकिंग चारही चाकांवर वाटले जात असले, तरी बर्फावर मी ते कमीत कमी पातळीवर ठेवतो.

थांबताना मात्र दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच आहेत. मर्सिडीजने 1995 मध्ये आणलेले आणि युरोपीय संघात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झालेले स्थैर्य नियंत्रण (घसरू लागलेल्या गाडीला एकेका चाकाचा ब्रेक लावून दिशेवर ठेवणारी यंत्रणा) दोन्हींत असतेच, पण रस्त्यावर पकड नसेल तर तेही ती निर्माण करू शकत नाही. ती पकड टायरच देतो. अनेक देशांत खाचांच्या खोलीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे; मी मात्र 3 मिलिमीटरलाच टायर बदलतो, कारण झिजलेल्या खाचांना साचलेले पाणी पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि गाडी त्या पाण्यावर तरंगू लागते. थंड प्रदेशात तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचे, म्हणजे बर्फावरची चाचणी पार केल्याचे, चिन्ह आहे का हे पाहावेच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर साधी पुढच्या चाकांची गाडी आणि उत्तम टायर हा पर्याय मला या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

चार्जिंगची सोय नसलेल्या लांबच्या वाटांवर ज्यांना वारंवार जावे लागते, त्यांनी क्लचची गाडी घेतली तर मी त्यांना अडवणार नाही. इतरांनी दोन मोटरची गाडी आधी पाहावी असे मला वाटते. चाचणीसाठी मात्र कोरडा, सरळ रस्ता निवडू नये. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या मोकळ्या चढावर स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही गाड्या थांबलेल्या स्थितीतून पुढे काढून पाहाव्यात.