पाचशे प्रती छापाव्यात की ई-बुक काढावं?

माझ्या कादंबरीतली यक्षिणी कासच्या पठारावर सात वर्षांनी टोपली कारवी फुलली की जागी होते आणि साताऱ्यातल्या एका घड्याळजीच्या प्रेमात पडते. पुस्तक स्वतःच काढायचं ठरलं, तेव्हा समोर दोन वाटा होत्या.

छापायचं तर पैसे आधी जातात. कागद, बांधणी, मग दिवाणाखाली गठ्ठे. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल धरते, पानं फुगतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तेवढा भारतात मोफत मिळतो. पण राजवाड्यापाशी भेटलेल्या वाचकाच्या हातात पुस्तक ठेवायचं सुख ई-बुकात नाही, हे खरंच.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक चढवायला पैसे पडत नाहीत. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवी तर किंडलच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी प्रतिलिपी या कथावाचनाच्या अ‍ॅपवरही, ठेवता येत नाही. ही अट नीट वाचूनच होकार द्या.

अद्भुत प्रेमकथेच्या वाचकाला मालिका लागते. तीन भाग छापायचे तर तीनदा खिसा रिकामा. म्हणून मी आधी ई-बुकं काढणार, छपाई मालिका संपल्यावर. मुखपृष्ठ मात्र पहिल्यापासून चांगल्या चित्रकाराकडूनच, पूर्ण पैसे देऊन.