गोठ्यातली रबर मॅट घोड्याखाली कितपत टिकते?

दुसऱ्यांचे घोडे महिन्याच्या दरावर सांभाळायचे म्हटले की चंदी-वैरणीखालोखाल पैसा खाणारी गोष्ट म्हणजे खाली पसरायचा भुसा. मॅट विकणारा बरोबर याच दुखण्यावर बोट ठेवतो: मॅट टाका, भुसा बंद! आपल्याकडे सहज मिळते ती गाईम्हशींच्या गोठ्यासाठी बनवलेली, साधारण साडेसहा बाय चार फुटांची, १५ ते १७ मिमी जाडीची. ती बिननालाच्या घोड्याखाली चालते. भुसा मात्र बंद होत नाही.

गाय बसून रवंथ करते, घोडा दिवसातला बहुतेक वेळ उभा असतो. त्यात पायाला लोखंडी नाल, आणि खिळ्यांची डोकी वर आलेली असली तर बघायलाच नको. चंदीची बादली दिसली की अधीर जनावर पुढच्या टापेने जमीन खरवडतं, म्हणून दारालगतची मॅट सगळ्यात आधी फाटते. नाल असलेल्या घोड्याला १८ मिमीच्या आत जाऊ नये. बिननालाच्या तट्टाला गोठ्याची १५ मिमीची पुरते.

घेताना आधी वजन करून पाहा. सहा बाय चार फूट, १८ मिमीची भरीव रबरी मॅट ४५ ते ५० किलो भरते. त्याहून बरीच हलकी निघाली तर ती फोमची किंवा पोकळ आहे. बरीच जड असेल तर रबर कमी आणि भर जास्त. मग कोपरा दुमडून दाबा. दुमडीवर पांढऱ्या चिरा उमटल्या किंवा नखाने कण सुटले, तर ती टायरचा चुरा जेमतेम चिकटवून केलेली आहे, दर कितीही कमी असो. वरची नक्षी उथळ हवी. खोल खाचांत लीद बसते आणि झाडूने निघत नाही.

खरा घोळ तळाशी होतो. या मॅटच्या पाठीला खाचा किंवा गुट्ट्या असतात, मूत्र त्यातून वाहून जावं म्हणून. पण वाहायला उतार लागतो. दर सहा फुटांना एक इंच उतार असलेला कोबा असेल तर मॅट उत्तम. सपाट शहाबादी फरशीवर तेच मूत्र खाली साचून कुजतं आणि अमोनिया सुटतो. वैरण जमिनीवर टाकलेली असली की घोड्याचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं; खोकला आणि खुराच्या तळव्याचं सडणं तिथूनच सुरू होतं. नुसत्या मुरुमावर मॅट टाकली तर खड्डे पडून कडा उचलल्या जातात आणि घोडा ठेचकाळतो. आधी दगडाची कच पसरून, पाणी मारून धुम्मस करून घ्यावी.

बारा बाय बाराच्या खणात सहा बाय चारच्या सहा मॅट कागदावर चपखल बसतात. प्रत्यक्षात गिलावा एखादा इंच खातो, म्हणजे कापणं आलंच. पाठीकडून, लोखंडी अँगल धरून, पात्याला साबणाचं पाणी लावत तीन-चार फेऱ्यांत कापावं. एका दमात कापू गेल्यास रेघ वाकडी जाते. थंडीत बसवत असाल तर भिंतीलगत एक सेंटीमीटर फट ठेवा, नाहीतर मे महिन्यात रबर फुगून मध्ये फुगारा येतो.

आता भुसा. टणक जागेवर मुताचे शिंतोडे पायांवर उडतात, म्हणून बरेच घोडे तिथे मुतायला तयार नसतात आणि अडवून धरतात. मागच्या निम्म्या भागात दोन-तीन इंच थर हवाच. उघड्या फरशीवर सहा इंच लागायचा, तेवढी बचत खरी. त्यासाठी रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सालींसारखं काही नाही. करवतीचा बारीक भुसा धुळीमुळे खोकवतो. भाताचं तूस स्वस्त, पण ते ओल शोषत नाही आणि रबरावर नालाखाली घसरतं. तूसच वापरायचं असेल तर मॅटवरचा खर्च वाया गेला म्हणायचा.

रोज पाणी मारून धुण्याचा मोह आवरा. ओल्या रबरावर लोखंडी नाल घसरते, पावसाळ्यात तर मॅट वाळतच नाही. ओला भुसा उचलावा, कोरडं झाडावं, ओलीच्या जागी चुनखडीची भुकटी टाकावी. कळीचा चुना नको, तो खूर आणि कातडी पोळतो.

सगळ्या खणांत एकदम घालण्याची गरज नाही. म्हातारा, लंगडणारा किंवा दुखापतीमुळे उभ्याउभ्या ठेवलेला घोडा, झोपताना कोपर आणि मागच्या गुडघ्याची सालटं काढून घेणारा घोडा, आणि खरारा-आंघोळीची जागा (ही मात्र खरखरीत नक्षीची), इथे पैसे वसूल होतात. दिवसभर पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या जागेत) मोकळ्या असणाऱ्या बिननालाच्या घोड्याला चांगला धुम्मस केलेला मुरूम पुरे.

आणि एक, दर तीन महिन्यांनी मॅट उचलून तळ धुवावा लागतो. पन्नास किलोचं ओलं रबर एकट्या मोतद्दाराला हलत नाही. दोन माणसं आणि पकडीचे दोन मोठे पाने लागतात, आणि तेवढा वेळ घोड्याला दुसरा रिकामा खण हवा. बोर्डिंगचा तबेला पूर्ण भरलेला असेल तर हे काम पुढे ढकललं जातं आणि वास सुटतो.