रिपोर्ट खरा, पूड खोटी

रायगड-रत्नागिरीकडे खाजणातल्या कोळंबी तलावांवर अमिनो अॅसिडची (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांची) खाद्यात घालायची पांढरी पूड विकायला कोणी आलं आणि ‘क्रूड प्रोटीन ९५ टक्के’ असा प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे केला, तर शिक्का खरा की खोटा यात अडकू नका. शिक्का बहुधा खराच असतो, तिथेच माणूस फसतो.

ही चाचणी प्रोटीन मोजतच नाही. नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. लायसिन हायड्रोक्लोराइड म्हणजे विकलं जाणारं एक अमिनो अॅसिड; अस्सल असेल तर त्याचा आकडा असा ९५च्या आसपास येतो. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे कागदावर ‘प्रोटीन’ २८७ टक्के! एक भाग युरियात दोन भाग माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची, नायट्रोजन नसलेली पूड) कालवलं की पुन्हा ९५. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घालून हीच चाचणी चकवली होती.

मग सल्ला मिळतो, “एकरी १० किलो पाण्यात उडवा, तीन वेळा.” फरक दिसतोही, पाणी हिरवंगार होतं. एकरभर, चार फूट खोल तलावात या तीन डोसांनी लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम नायट्रोजन पडतो. हे शेवाळाचं खत झालं. दुपारी पीएच चढतो, अमोनिया जास्त विषारी होतो. पहाटे ऑक्सिजन उतरतो आणि कोळंबी बांधाकडेला येते. तोवर विक्रेता दुसऱ्या तालुक्यात.

घरी तपासता येतं. कच्च्या सोयाबीनचं पीठ एक चमचा (भाजलेलं नको, उष्णतेने त्यातलं युरिएज, म्हणजे युरियाचा अमोनिया करणारं एन्झाइम, मरतं), पूड एक चमचा, अर्धी वाटी कोमट पाणी. झाकून अर्धा तास ठेवा. शेजारी तुलनेला पूड न घातलेली दुसरी वाटी हवीच. पहिलीचं झाकण काढताच नाकाला झोंबलं आणि वर धरलेला हळदीचा ओला कागद लालसर झाला, तर युरिया. मेलामाइन मात्र यात सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेकडे अमिनो अॅसिड प्रोफाइल मागा, नुसतं प्रोटीन नको. मेथिओनिन (गंधक असलेलं दुसरं अमिनो अॅसिड) म्हणून दिलेल्या पुडीला गंधकासारखा उग्र वास नसेल तरी शंका घ्या.

अस्सल पूडही पेलेटवर (खाद्याच्या गोळ्यांवर) कोरडी भुरभुरली तर पाण्यात विरघळून जाते, कारण कोळंबी कुरतडत सावकाश खाते. थोड्या पाण्यात विरघळवून पेलेटवर फवारा, सावलीत सुकवा, वरून माशाच्या तेलाचा हात द्या. कंपनीच्या संतुलित खाद्यात भर घातली तर जादाचं अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडतं. उपयोग घरच्या खाद्याला: सोयापेंडीत मेथिओनिन कमी, शेंगदाणा पेंडीत लायसिनही.

पोतं फोडताना विक्रेत्यासमोरच अर्धा किलो नमुना काढून दोघांच्या सहीने सील करा, पावतीवर बॅच नंबर लिहून घ्या. सहीला तो कां-कूं करू लागला, तर पोतं परत गाडीत चढवायला लावा.