कॉमिकचं मूळ पान: जुनं घ्यावं की नवं?

अमेरिकन कॉमिकचं शाईतलं मूळ पान, म्हणजे ज्यावरून अंक छापला ते हाताने काढलेलं पान, घ्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न काळाचा. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं घ्यावं की अलीकडचं? माझ्या भिंतीवर दोन्ही आहेत. 1967च्या सुमारास बोर्ड, म्हणजे चित्र काढायचा जाड कागद, लहान होऊन साधारण 11 बाय 17 इंचांवर आला आणि तिथेच राहिला, त्यामुळे फ्रेम तरी दोघांना एकाच मापाची लागते.

नवं पान दिसायला देखणं. कागद पांढरा, शाई ताजी. शिवाय ते थेट चित्रकाराकडून मिळू शकतं, म्हणजे मालकीची कटकट नाही. मार्व्हल आणि डीसी पानं चित्रकारांना परत देऊ लागल्या त्या सत्तरच्या दशकात; त्याआधीची पानं कुणाच्या हातून कुठे गेली, हे विचारायला नको. जुन्या पानावर रबर सिमेंट या गोंदाचे पिवळे डाग असतात, वर चिकटवलेले कागद सुटत असतात, मार्करने भरलेला काळा रंग विटलेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची काळजीही जरा जास्तच घ्यावी लागते.

नव्या पानावर संवाद नसतात, कारण अक्षरं संगणकावर बसवतात. पॅनेलचा, म्हणजे चित्राच्या चौकटीचा, वरचा भाग उगाच ओका वाटतो, पण तेही चालवून घेता येतं.

मला नडली ती ब्लूलाइन. पूर्वी एकच बोर्ड पेन्सिलने चित्र काढणाऱ्याकडून संवाद लिहिणाऱ्या लेटररकडे आणि तिथून शाई करणाऱ्या इंकरकडे जायचा. आता पेन्सिलचं स्कॅन इंकरला पाठवतात, तो ते फिक्या निळ्या रंगात छापून घेतो आणि त्यावर शाई करतो. शाईचं स्कॅन करताना निळा रंग सहज वगळता येतो, म्हणून ही सोय. पण मग मूळ पानं होतात दोन, एक पेन्सिलचं, एक शाईचं! ज्याच्या नावावर भाळून आपण पैसे मोजतो, त्या चित्रकाराचा हात शाईच्या पानाला लागलेलाच नसतो. गैर काहीच नाही, चांगले विक्रेते तसं स्पष्ट लिहितातही. तरी प्रत्येक वेळी ‘शाईखाली पेन्सिल आहे ना?’ हे विचारण्याचा मला कंटाळा येतो.

जुन्या पानाला हा प्रश्न विचारावा लागत नाही. खोडरबरातून सुटलेली पेन्सिल, समासातल्या सूचना, चुकलेल्या ओळीवर फासलेला पांढरा रंग, सगळं त्या एकाच बोर्डावर. मी आता बहुधा तिकडेच वळतो. खर्च आटोक्यात ठेवायचा तर पोशाखातला हिरो नसलेलं, नुसत्या बोलण्याचं पान बघावं. त्याच चित्रकाराचं, पण बरंच स्वस्त पडतं.

तुमचा आवडता चित्रकार आजचाच असेल, किंवा तो शाईही स्वतःच करत असेल, तर नवं जरूर घ्या. फक्त पैसे पाठवण्याआधी तिरप्या उजेडातला एक फोटो मागवा. पेन्सिल खोडली तरी बोर्डावर तिचे चरे बऱ्याचदा उरतात.